सम तारीख, सम बाजू

३ फेब्रुवारी २००४, मंगळवार, संध्याकाळ
सकाळपासून बर्फ. शहराने 'स्नो इमर्जन्सी' जाहीर केली. म्हणजे बर्फ ढकलणारा प्लाऊ फिरणार. त्यासाठी उद्या रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवायची, परवा दुसरी. चुकलात की गाडी उचलली. चिरंजीव प्रसन्न क्लायंटकडे, दुसऱ्या राज्यात पार्सिपनीला, तीन आठवडे. घरात सौ., सूनबाई अबोली आणि मी. अबोली फोन करून सिटीला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारणार होती. थांबवलं. एकतीस वर्षं आपल्याकडच्या नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागात हातगाड्या आणि टपऱ्या उचलल्या. मला हे शिकवणार? आजपासून गाडीचं खातं माझ्याकडे. मला गाडी चालवता येत नाही, हा मुद्दा सौ.ने काढला. खातं चालवायला लायसन लागत नाही.

४ फेब्रुवारी, सकाळ
सिटीचं पत्रक अभ्यासलं. अक्षर बारीक असल्याने चित्रांवरून अभ्यासलं. नियम सोपा. सम तारखेला सम नंबरच्या घरांची बाजू बंद, विषम तारखेला विषम. आज चार, म्हणून गाडी विषम बाजूला लावायला लावली. समोरच्या दोन गाड्या उचलून नेल्या. खिडकीतून पाहिलं. काम सफाईदार, पण मजा नाही. आमच्याकडे निदान कोणी आडवं तरी पडायचं.

५ फेब्रुवारी
पाच तारीख. विषम बाजू बंद, गाडी सम बाजूला. गाडी सुखरूप. सिद्धान्त सिद्ध.
वरच्या मजल्यावर श्रीरंग म्हणून नागपूरचा मुलगा राहतो, पीएचडी करतो. त्याला समजावलं. म्हणाला, काका, चार वर्षांत इतकं क्लिअर कोणीच सांगितलं नव्हतं यार. (यार मला.) तक्ता करून जिन्यात लावला. इंग्रजीत. खाली सही.

७ फेब्रुवारी
तळमजल्यावरची डोरोथी तक्त्यासमोर उभी. वय अठ्ठ्याहत्तर. जन्म याच गल्लीतला. म्हणाली, तारखेचा काही संबंध नाही. इमर्जन्सी लागली की दुसऱ्या दिवशी सम बाजू बंद, तिसऱ्या दिवशी विषम, मग तारीख कुठलीही असो. 'येस, येस' म्हटलं. वयाचा मान ठेवला पाहिजे. या वयात गोंधळ होतो माणसाचा. मी अजून एकसष्टच.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
पुन्हा बर्फ, पुन्हा इमर्जन्सी. उद्या सकाळी दहा वाजता अबोलीची मुलाखत, ईडन प्रेरीला. आठ महिन्यांत आलेलं पहिलं बोलावणं. त्या बाजूला बस धड जात नाही, गाडीच हवी. अबोली म्हणाली, बाबा, मी एकदा विचारूनच घेते. म्हटलं, तू तयारी कर, गाडीची काळजी माझी. तिने ऐकलं. गुणी मुलगी.
उद्या अकरा, म्हणजे विषम. गाडी सम बाजूला लावून घेतली. तिच्या मागे श्रीरंगची. सम बाजूला अख्ख्या रस्त्यावर आपल्या दोनच गाड्या. लोकांचं अज्ञान पाहून वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी, सकाळी ९
गाडी नाही.

९.१०
श्रीरंगचीही नाही.

संध्याकाळ
सविस्तर नोंद करणं भाग आहे. अबोली फॉर्मल कपड्यांत, फाइल छातीशी धरून फुटपाथवर उभी. रडली नाही. नुसतं घड्याळ पाहिलं. मला काही बोलली असती तर उत्तर तयार होतं. टॅक्सीवाले म्हणाले, बर्फामुळे एक तास. एवढ्यात डोरोथी स्वेटरवर कोट घालत आली, किल्ली हलवत. तिची गाडी विषम बाजूला होती. दोघी गेल्या. मी हात हलवला. कोणी पाहिला नसावा.
अबोली वीस मिनिटं उशिरा पोचली. मुलाखत घेतली त्यांनी.
दुपारी गाडी सोडवायला तिच्याबरोबर गेलो. मोठं कुंपण घातलेलं मैदान, लांबलचक रांग. काचेमागच्या बाईंना सांगितलं की आय ॲम ऑल्सो फ्रॉम द डिपार्टमेंट, थर्टी वन इयर्स. त्या म्हणाल्या, नेक्स्ट. येताना अबोली म्हणाली, बाबा, पाय ओले झालेत तुमचे, हीटर वाढवू का? नको म्हटलं. यापेक्षा ओरडली असती तर बरं.
पत्रक संदिग्ध आहे. शहराला पत्र लिहिणार.

१३ फेब्रुवारी
प्रसन्नचा फोन. सौ.ने त्याला सगळं सांगितलेलं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही आराम करा. तीनदा म्हणाला. जिन्यातला तक्ता कोणीतरी काढला. माझा संशय श्रीरंगवर. मला टाळतो, त्या दिवशी त्याची लॅब बुडाली. संशोधकाने स्वतः पडताळून पाहायला नको?
पत्राचा मसुदा तयार. शेवटचा परिच्छेद काढून टाकला. त्यात चूक माझी, असा अर्थ निघत होता.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
तिसरी इमर्जन्सी. गाडीचं खातं अबोलीकडे सोपवलं आहे. माझा रोल आता सल्लागाराचा. अजून सल्ला विचारलेला नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी १०
सल्लागाराने मैदानातही उतरावं. पहाटेपर्यंत गुडघाभर पडलं होतं. सूनबाई उठायच्या आत गाडी साफ करून ठेवायची ठरवलं, तेवढंच तिच्या मनातलं किल्मिष जाईल. आठला सौ.चं लक्ष नसताना खाली गेलो. विषम बाजूला, आपल्या दारासमोर, बर्फाखाली गाडी. फावड्याने चाकं मोकळी केली, झाडूने टप. तासभर. आपली गाडी हिरवी. घासता घासता लाल रंग निघाला. जरा विचार केला. पण निम्मी झाली होती, अर्धवट सोडणं बरं दिसेना.
मग एक गोरा तरुण कॉफी पीत आला. किल्ली लावली, काच खाली केली, म्हणाला, थँक्स, मॅन. गेला.
वर आलो. सौ. म्हणाली, अबोली सातलाच गेली. ईडन प्रेरीवाल्यांनी पुन्हा बोलावलंय, दुसरी मुलाखत. म्हटलं, मला का नाही सांगितलं? सौ. म्हणाली, तिनेच सांगू नका म्हटलं. बाबा उगाच मदत करतील.
पाठ धरली आहे. सौ.ला कळू दिलेलं नाही.