ओठ दिसतील असं चित्र

ता. ४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत बरी आहे. कान मात्र आता पुरतेच गेले. फोन करत जाऊ नकोस, नुसता हातात थरथरतो. समोरच्याचे ओठ वाचायला शिकले आहे आणि त्यात आपण बऱ्यापैकी हुशार आहोत, असं माझंच मत.

म्हणूनच तुझ्या भाच्याने नोकरीवर परत जाण्याआधी अर्धी भिंत व्यापेल असा टीव्ही आणून लावला. मोठे, स्वच्छ चेहरे दिसले की आईला माणसांचं बोलणं वाचता येईल, असा त्याचा हिशेब. दुकानात तर एक बाई हसत होती, तिच्या पापण्यांचे केससुद्धा वेगळे दिसत होते. ती काय म्हणत होती ते मी तिथल्या तिथे वाचलं आणि खुळ्यासारखी तिला उत्तरही दिलं.

घरी आणला आणि पडद्यावरचे सगळे तोंडात घास धरल्यासारखे बोलायला लागले. मी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली. पुसट अक्षर दिसलं की कागद परत पाठवायचा, ही सवय. आता हे पुसट चेहरे परत कुणाकडे पाठवायचे?

केबलवाला आला, माझ्यासमोर बसला आणि सावकाश बोलला. म्हणाला, टीव्ही उत्तम आहे, पण त्यात येणारं चित्रच लहान आहे. ते ताणून मोठं केलंय, लोकरीचा स्वेटर ताणला की वीण विरते तसं. त्याने नवा डबा लावला, एचडी वाहिन्या सुरू करून दिल्या. तरी बहुतेक ठिकाणी नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नावापुढे एचडी, आत तीच जुनी ताणलेली मालिका. बातम्या खरंच स्वच्छ येतात, तर बाईच्या हनुवटीवरून अक्षरांची पट्टी धावते. अस्सल म्हणावं असं एकच, जंगलाचं. हरणाचं ओलं नाक लखलखतं रे! पण हरणं बोलत नाहीत.

संध्याकाळी घरात चार माणसं बोलताहेत असं वाटावं, एवढीच माझी आस होती. असो. थंडीत पाण्यावर जातोस, कानटोपी घाल.

तुझी, आठवण काढत बसलेली,
ताई

•

ता. १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

टीव्हीतल्या बाईला उत्तर दिलंस हे वाचून मी आणि आमचा इंजिनवाला पोट धरून हसलो. ती बिचारी घाबरली असेल!

तुझ्यासाठी अस्सल चित्र मीच काढलंय. इंजिनवाल्याचा फोन नवा आहे. त्याने तो सगळ्यात स्वच्छ चित्रावर लावून दिला आणि आम्ही तो फेरीबोटीच्या कठड्याला सुतळीने घट्ट बांधला. जातानाची सकाळची नदी घेतली. परतताना फोन केबिनकडे वळवला, माझं थोबाड तुला दिसावं म्हणून, आणि मग तो तसाच विसरलो. सोबतची पेनड्राइव्हची काडी टीव्हीच्या बाजूच्या खाचेत घाल. आवाज नुसता इंजिनाचा आहे, तुझं काही बुडत नाही. शेवटी आम्ही दोघं चहा पितोय तेवढा भाग सोडून दे, त्यात बघण्यासारखं काही नाही.

इथे सगळं ठीक. फेरी नेहमीसारखी चालू आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा

•

ता. २ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काडी लावली आणि खोलीत नदी आली. आधी नुसतं पांढरं धुकं. मी पाय खुर्चीवर घेतले, खरंच, ओले होतील म्हणून. मग धुक्यातून एक दोरी दिसली, दोरीवर थेंब, प्रत्येक थेंबात उलटा किनारा. एक पक्षी पाण्याला टेकून गेला आणि पाण्यावरची सुरकुती माझ्या कपाटापर्यंत सरकत आली. मी जागी होते की झोपेत, सांगता येणार नाही. भिंत कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते, तेच कळेनासं झालं. इतकं नितळ काही मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तू दिसलास. दाढीत पांढरं किती आलंय! सोडायला सांगितलेला भाग अर्थातच सोडला नाही.

धाकट्या, मी ओठ वाचते हे तू विसरलास, की इतक्या लांबून दिसणार नाही असं तुला वाटलं? सगळं दिसलं. वाफ आड आली तेवढे दोन शब्द सुटले, बाकी छापल्यासारखं. पूल सुरू झाला की फेरी बंद, असं तू म्हणालास. इंजिनवाल्याने विचारलं, ताईंना कळवलंस का. तू म्हणालास, कळवलं तर ती लगेच ये म्हणेल, तिच्या दोन खोल्यांत माझी अडगळ कशाला, कुठेतरी रखवालदारी बघीन. आणि मग कप ठेवून नदीकडे पाहत राहिलास. तुझा तो चेहरा मी थांबवून ठेवला आणि बराच वेळ समोर बसून राहिले.

मला राग आलाय, हे नीट वाच. अडगळ मी घरात ठेवत नाही, तुला ठाऊक आहे. पण बोलणारं माणूस ही अडगळ नव्हे. सबंध दिवसात माझ्यासमोर एक ओठ हलत नाही, आणि तू तिकडे परक्या फाटकावर बसणार? आतली खोली मी रिकामी केली आहे. आढेवेढे घेऊ नकोस. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन, माझ्या तोंडावर म्हण.

वाट बघते, हे वेगळं लिहायला नको.
ताई

•

ता. १६ डिसेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इंजिनवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझ्या ताईसमोर माणसाने मनातल्या मनातसुद्धा जपून बोलावं. मी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

पूल काल सुरू झाला. शेवटच्या फेरीला माणसं थोडीच होती, बहुतेक निरोप घ्यायला आलेली. नदीच्या मध्यावर मी इंजिन बंद करायला सांगितलं. का, ते मलाच कळलं नाही. बोट आपली आपण वाहू लागली. कुणी बोलेना. एका बाईच्या मांडीवरचं मूल हसत होतं, पण वाऱ्यात त्याचं हसू माझ्यापर्यंत पोचत नव्हतं, नुसतं दिसत होतं. तेवढ्या वेळात वाटलं, ताई अशा ठिकाणी राहते. तिथे भीती नव्हती. पण तिथे एकट्याने राहू नये, हे पटलं.

आतल्या खोलीत माझी एक पेटी मावेल ना? येत्या रविवारी सकाळी पोचतो. खिडकीशी बसू. तू उजेडाकडे पाठ कर, मी तोंड करीन.

तुझा,
धाकटा