भुरी पळाली नव्हती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सोफे-खुर्च्यांवर गादी आणि कापड चढवण्याचा (हात थरथरू लागल्यापासून बंद), माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, दिवसाउजेडी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. छाती मात्र ठिकाणावर नाही, असेही तेच म्हणतात. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. घरात माझ्याखेरीज एक कुत्रा आहे आणि त्याला यातले काही नको आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात घर, हत्यारे, ठेव सगळे नीट लिहिले होते. मी काय केले ते लिहिले नव्हते.

कलम पहिले. घर. खालच्या दोन खोल्या, मागचा कारखाना, परस आणि वरची खोली हे सगळे माझ्या पुतणीला द्यावे. ती शाळेत शिकवते, हिशेबी आहे, छप्पर गळायच्या आत दुरुस्त करील. अट एकच. वरची खोली माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे तिच्या वडिलांना, हवी तेव्हा आणि हवी तितके दिवस वापरू द्यावी. ती खोली त्याचीच होती. बारा वर्षांपूर्वी तो ती सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. का गेला ते पुढे येईल. बँकेतली ठेवही पुतणीची. किती आहे ते पासबुकात आहे, इथे लिहीत बसत नाही.

कलम दुसरे. हत्यारे. शिलाई मशीन, दोन्ही मोठ्या कात्र्या, हातोडे, वाकड्या सुया, उरलेला कापूस, फोम आणि कापडाचे तागे माझ्याकडे अठरा वर्षे काम केलेल्या कारागीर बाईंना द्यावेत. छोट्या हातोड्याचा दांडा सैल आहे, पाचर मारून घ्यावी. त्यांची शिवण माझ्यापेक्षा सरळ जाते. गिऱ्हाइकांसमोर मी ती माझी म्हणून दाखवत आलो. हे त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नसेल, म्हणून लिहिले.

कलम तिसरे. कोपऱ्यावरचा फर्निचरवाला. त्याच्याशी मी बारा वर्षे बोललेलो नाही. रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूने जातो. त्याने एक मखमली सोफा घाईने मागितला म्हणून पुढचे सगळे घडले, असे मी मनाशी धरून बसलो होतो. त्याने फक्त सोफा मागितला होता आणि तो मागण्याचा त्याला हक्क होता. त्याला देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मला पोहोचवायला तो आला, तर ‘हा कसा काय आला?’ असे तोंड कोणी करू नये.

कलम चौथे. बटण.

बटण हा माझा कुत्रा. पाच हिवाळ्यांपूर्वी कारखान्याच्या दारात येऊन बसला. डोळे अगदी गादीला लावतात त्या काळ्या बटणांसारखे, म्हणून हे नाव. वय साधारण आठ. त्याला माझ्या भावाने सांभाळावे. कसे, ते असे:

थंडीच्या दिवसांत त्याला बाहेर बांधू नये. तासभर नाही, पाच मिनिटे नाही. त्याचे अंथरूण जमिनीला टेकता कामा नये. मी चार बोटे उंचीची लाकडी चौकट केली आहे, तिच्यावर कापसाची गादी आणि वर लोकर. गादी दर आठवड्याला उन्हात टाकावी, कारण दमट कापूस ऊब देत नाही, ऊब खातो. त्याचे दोन कोट आहेत, पोटाखालून बंद होणारे. पाठ झाकून पोट उघडे ठेवणारे कोट बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत. कोट भिजला तर लगेच काढून दुसरा घालावा. ऊन वर आल्याशिवाय फिरायला नेऊ नये. परत आणल्यावर बोटांच्या मधली जागा कोरड्या फडक्याने पुसावी. हिटरपासून त्याला दोन हात लांब झोपवावे, नाहीतर तो इतका चिकटून झोपतो की केस जळल्याचा वास येतो. खोली बंद करून शेगडी पेटवू नये. चालता चालता तो एक पाय उचलून उभा राहिला, तर तो लाडात आलेला नसतो, त्याला थंडी लागलेली असते. कानाची टोके हातात धरून बघावीत. गार लागली, तर बाकी सगळे सोडून त्याला आत आणावे.

एवढे मी सांगितले तेव्हा मृत्युपत्राचा मसुदा करणाऱ्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, “आजोबा, एवढं कशाला? ‘कुत्र्याला उबेत ठेवावं’ एवढं लिहिलं की झालं.”

मी म्हणालो, “नाही होत. मलाही एकदा एवढंच सांगितलं होतं.”

मग त्यांना सांगितले, ते असे.

बारा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या बायकोचे पोटाचे ऑपरेशन ठरले. भुरी ही तिची कुत्री. चौदा वर्षांची, मागचे पाय आखडलेले, उठताना कण्हायची. दवाखान्यात जाताना बायको मला दारात म्हणाली, “माझं सगळं नीट होईल. तुम्ही भुरीला उबेत ठेवा.” मी “हो गं” म्हणालो. रिक्षात तिची पिशवी ठेवण्याकडे माझे लक्ष होते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यातून आलो. मखमली सोफा सकाळी न्यायला माणसे येणार होती. भुरी त्याच्यावर झोपली होती आणि तिच्याखाली मखमल ओली झाली होती. म्हातारी कुत्री, तिला कळतही नसे. मी तिला पट्ट्याला धरून ओढत परसात नेले आणि नळाला बांधले. दोरी आखूड बांधली. मुद्दाम. कारखान्याच्या दाराशी येऊन तिने कुईकुई करू नये म्हणून. तासाभराने आत घेईन, असे मनात होते. मग मी मखमल धुतली, शेकून वाळवली, दमलो, रजई अंगावर घेतली आणि झोपलो.

सकाळी तिच्या भांड्यातले पाणी गोठलेले होते. ती नळाजवळ वेटोळे करून पडली होती, नाक शेपटीखाली खुपसलेले. मी म्हणालो, “ऊठ गं, भुरे.” दोनदा म्हणालो. तिच्या डोक्यापासून एका भिंतीपलीकडे माझा कापूस होता. छतापर्यंत रचलेला.

मी तिला तिथेच, परसात पुरले. वर मोडक्या खुर्च्यांचे सांगाडे रचले. सोफा वेळेवर गेला.

माझा भाऊ तेव्हा वरच्या खोलीत बायको-मुलीसह राहायचा; त्या दोघी त्या आठवड्यात गावी गेल्या होत्या. बसमध्ये वाहक होता. पहाटेच्या पाळीला तो उजाडायच्या आत फाटकातून गेला होता, त्याने काही पाहिले नव्हते. विसराळू म्हणून तो घरात प्रसिद्ध. छत्र्या किती हरवल्या त्याला गणती नाही. आम्ही त्याला ‘विसरोबा’ म्हणायचो आणि तोही हसायचा. बायको घरी आली, पोटाला टाके, एका हाताने भिंत धरून, आणि तिने पहिला शब्द काढला तो “भुरी कुठाय?”

मी म्हणालो, “पळाली. तुझ्या भावजींनी सकाळी जाताना फाटक उघडं टाकलं.”

हे वाक्य मी ठरवून ठेवलेले नव्हते. पण ते माझ्या तोंडून एकदाही न अडखळता आले, आणि मग मी ते मागे घेतले नाही.

भाऊ खाली आला. “दादा, कडी लावली होती रे मी,” म्हणाला. मग थांबला. “म्हणजे, लावली असणार. हाताला सवय असते. पण शपथेवर नाही सांगता येणार.” मी त्याच्याकडे पाहत होतो. मी नुसती मान हलवली असती तरी तो सुटला असता. मी म्हणालो, “जाऊ दे आता. मुद्दाम कोण करतं?” म्हणजे वर मी मोठ्या मनाचाही ठरलो.

बायको तीन आठवडे शोधत होती. शाल गुंडाळून, टाक्यांवर हात दाबून, गल्लीगल्लीत “भुरे, भुरे” करत. तिला एकटीला कसे सोडणार, म्हणून मीही बरोबर जायचो. मीही हाका मारल्या. लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून पाहिले. घरी आल्यावर ती म्हणायची, “तुमचा घसा बसला हो, उद्या राहू द्या.” हे लिहिताना माझी मान वर होत नाही.

ती दिराला टाकून बोलली नाही. फक्त वर चहा पाठवायची बंद झाली. महिनाभरात भावाने खोली सोडली. पुतणी सांगते, तेव्हापासून तो कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येऊन ओढून बघतो, दोनदा, कधी तीनदा. तिने लहानपणी मांजर मागितले, तर म्हणाला, “माझ्या हाती जनावर नको. माझ्यामुळे एक गेलंय.” शेजाऱ्यांनी ठेवायला दिलेल्या किल्ल्याही तो परत करतो.

बायको आठ वर्षांपूर्वी वारली. तिला मी सांगितले नाही.

वकीलबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “आणि हे त्यांना तुम्ही गेल्यावर वाचायला मिळणार?”

“हो.”

“म्हणजे ते उलट काही बोलूच शकणार नाहीत. चांगली सोय केलीत की स्वतःची!”

त्यांनी कागद गोळा केले आणि तुम्ही आधी भावाला भेटून येईपर्यंत मी पुढे लिहिणार नाही, असे सांगून निघून गेल्या. मी चार दिवस रागात होतो. पाचव्या दिवशी गेलो.

भाऊ बुटांना पॉलिश करत बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितले, बसलो असतो तर सांगितले नसते. तो एकच बूट ब्रशने घासत राहिला. माझे संपल्यावर त्याने विचारले, “वहिनीला सांगितलंस?”

“नाही.”

“शेवटी पण नाही?”

“नाही.”

तो म्हणाला, “शेवटच्या दुपारी मी दवाखान्यात आलो होतो, तू औषधं आणायला खाली गेला होतास. तिने माझा हात धरला. म्हणाली, ‘भावजी, भुरीचं मी मनात ठेवलेलं नाही. तुम्हाला माफ केलं.’” त्याने बूट खाली ठेवला. “आणि मी रडलो रे, दादा. मी तिचे पाय धरून आभार मानले.”

त्याने दार दाखवले नाही, पण मी निघालो तेव्हा थांब असेही म्हणाला नाही.

कलम पाचवे. हे आज सकाळी, वकीलबाई परत आल्यावर वाढवले आहे.

काल दुपारी भाऊ घरी आला. बारा वर्षांत प्रथमच. आत आला, पण बसला नाही. परसात जाऊन, सांगाडे होते त्या जागी थोडा वेळ उभा राहिला. परत येऊन म्हणाला, “याचे कोट कुठायत?”

मी म्हणालो, “सगळं लिहून ठेवलंय. माझ्यानंतर तो तुझाच—”

“तुझ्यानंतर नाही. आजपासून कडाका पडणार म्हणतायत. मी आत्ता नेतो.”

“अरे, मी याला जिवापाड जपतो. बघ तरी, चौकट केलीय, गादी—”

“दिसतंय मला,” तो म्हणाला. “पण थंडीत तुझ्या घरात कुत्रा आहे म्हटल्यावर मला झोप लागायची नाही.”

मी मोठा कोट आणला. माझ्या बोटांना बंद लागेनात, ते त्याने लावले. मग त्याने कलम चौथ्यातल्या सूचनांची माझ्याकडची प्रत मागून घेतली, खिडकीशी धरून सावकाश वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. विचारले, “कानाची टोकं कशी बघायची, दाखव.” मी दाखवले. बटणने दोघांचेही हात चाटले. गादी आणि चौकट त्याने काखेत घेतली आणि बटण त्याच्याबरोबर गेला, जसा कोणाहीबरोबर फिरायला जातो तसा.

तेव्हा कलम चौथ्यात मी बटण माझा म्हणून जे लिहिले आहे, ते आता खरे नाही. तो माझ्या मालमत्तेत धरू नये. माझ्याकडे तो परत आणावा असे मी कोणाला सांगणार नाही, आणि कोणी भावाला तसे सुचवू नये. पुढेमागे कोणी म्हणाले की धाकट्याने आजारी माणसाच्या घरातून कुत्रा नेला, तर हा कागद दाखवावा. मी शुद्धीवर असताना, माझ्या डोळ्यांदेखत नेला, आणि नेला ते योग्यच केले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक शब्दही बदलायचा नाही. सही करतो.

लिहून देणार: (सही, थरथरलेली, पण माझीच)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांनी मला तपासले (सही)
साक्षीदार दुसऱ्या: वकीलबाई, ज्यांनी मसुदा केला (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ डिसेंबर, सकाळी साडेदहा