नववा भाग आधी

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द मनापासून लिहिला आहे, प्रत्यक्षात कंबर अर्ध्यावरच 'पुरे' म्हणते.) तुझा गुडघा कसा आहे, नव्या चष्म्याने जिन्याच्या पायऱ्या दिसतात की अजून पाय चाचपत उतरतेस, आणि शेजारणीचा पोपट अजूनही तुझ्याच आवाजात दूधवाल्याला हाक मारतो का, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. 'बरे' लिहिताना जरा थांबलो होतो, पण शब्द खोडला नाही. चौतीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली, दुसऱ्यांची वाक्यं छाटायचा हात बसला. स्वतःचं लिहायला घेतलं की मात्र पाल्हाळ आवरत नाही. तेव्हा आधी नीट टेकून बस आणि मग वाच.

या सगळ्याचं मूळ तू आहेस, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. तुझा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, तुझ्या घराच्या भिंतींना ओल, म्हणून त्याचं ते खेळाचं यंत्र आणि 'वाटाड्या' या मालिकेच्या नऊ डिस्क तू आमच्याकडे ठेवायला आणून दिल्यास. इथपर्यंत ठीक होतं. पण जाताना, चपला पायात सरकवता सरकवता, तू म्हणालीस की यंत्र पडून राहिलं की बिघडतं, अधूनमधून चालवत जा. आम्ही दोघंही निवृत्त, आज्ञाधारक आणि रिकामटेकडे. चालवलं.

वाटाड्या म्हणजे कंदील घेतलेला एक माणूस. डोंगरापलीकडे जाणाऱ्यांना तो वाट दाखवतो. मध्ये दऱ्या, लांडगे, दोरीचे पूल असं सगळं लागतं. पंचवीस वर्षांत त्याचे नऊ भाग निघाले. गोम अशी की सातव्या भागात त्याचं बालपण आहे आणि चौथ्यात त्याची उमेदवारी. म्हणजे पहिल्या भागात गडी चाळिशीचा आणि सातव्यात सात वर्षांचा. मग सुरुवात कुठून करायची? मी म्हणालो, जसे निघाले तसे खेळायचे. पानं ज्या क्रमाने छापली त्या क्रमाने वाचायची, हे कुणाला सांगावं लागू नये. तुझ्या भावजयीचं म्हणणं, माणूस आधी जन्मतो आणि मग म्हातारा होतो, तेव्हा सातवा आधी. (तिने अठ्ठावीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली हे तुला ठाऊकच आहे. जहाज भरताना शेवटी ठेवलेली पेटी उतरवताना पहिली निघते, असाही एक मुद्दा तिने काढला. त्याचा इथे काय संबंध ते मला आजही कळलेलं नाही.) पाच दिवस यंत्र तसंच बंद पडून, आणि आम्ही दोघं समोर बसून वाद घालतोय.

शेवटी भाच्याला फोन केला. तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि म्हणाला की मामा, या प्रश्नावर जगभरचे लोक वर्षानुवर्षं भांडताहेत, तुम्ही त्यात पडू नका. पडू नका म्हटल्यावर मी पडलोच. इंटरनेटवर अशा भांडखोरांची एक चावडी आहे. तिथे नाव नोंदवून मी निघाल्या क्रमाची बाजू मांडली आणि ओघात अकरा जणांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही दाखवून दिल्या. तिसऱ्या दिवशी मला तिथून काढून टाकलं. (माझ्याच बाजूच्या लोकांनी.) भाच्याने अखेर कौल दिला तो माझ्या क्रमाला, त्यावर हिने तीन दिवस त्याची खुशाली विचारली नाही, पण शब्दाला जागली आणि पहिला भाग लावला.

पहिल्याच संध्याकाळी दुसरं भांडण जुंपलं. हातात धरायच्या त्या कंट्रोलरवर दोन अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या असतात. डावीने वाटाड्या चालतो, उजवीने त्याची नजर फिरते, आणि नजर हलली की पाऊलही तिकडेच वळतं. माझं म्हणणं, दांडी वर ढकलली की नजर वर जावी. वर म्हणजे वर. हिचं म्हणणं, दांडी आपल्याकडे ओढली की वर, कारण क्रेनचा आकडा तसाच वर येतो. आता जिने वीस-वीस टनांच्या पेट्या खडूच्या रेघेवर अलगद उतरवल्या, जिला बंदरावर सगळे 'सुई' म्हणत, त्या बाईला वर कुठे आणि खाली कुठे हे शिकवणारा मी कोण? तरी शिकवलंच. सेटिंगमध्ये दोन्ही सोयी आहेत, पण एका वेळी एकच चालते. म्हणून पाळी बदलली की सात बटणं दाबून दांडीही उलटी करायची. विसरलं की संपलं. माझ्या पाळीला वाटाड्या चांदण्या न्याहाळत दरीत गेला. हिच्या पाळीला स्वतःच्या पायांकडे बघत लांडग्यांच्या कळपात शिरला. गेला तो गेला, पण कुणाच्या दांडीपायी गेला यावर दर वेळी अर्धा तास. एकदा तर शेजारच्या सुताराने दार वाजवून काळजीने विचारलं, की दरीत कोण पडलं?

असे दीड महिना आम्ही सुखाने भांडलो. मग तो दोरीचा पूल आला.

हिच्या पाळीला वाटाड्या पुलावर पाऊल टाकायचा, झिंगल्यासारखा डुलायचा आणि खाली जायचा. एकदा, दोनदा, नऊदा. ही म्हणाली, कंट्रोलर बिघडलाय. माझ्या पाळीला मात्र तो सरळ पलीकडे जायचा. त्याचं श्रेय मी माझ्या कौशल्याला दिलं, आणि तसं बोलूनही दाखवलं. ताई, आयुष्यात मी नको ते पुष्कळ बोललो आहे, पण एकच वाक्य परत घेता येत असेल तर ते घेईन. बॅटरी बदलून झाली, फुंकर मारून झाली, शेवटी मी तो कंट्रोलर रुमालात गुंडाळून चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. हा माणूस पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता हे. माणूस तोच, फक्त चष्म्याचा नंबर वाढत गेलाय. त्याने तो एक दिवस ठेवून घेतला, उघडला, स्वतः लावून तासभर खेळून पाहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात परत देताना म्हणाला, "साहेब, यात दोष नाही. कुणाच्या हातात असताना हलतो?"

मी त्याच्याशी हुज्जत घातली. मग रुमाल घेऊन घरी निघालो. एरवी सात मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी मी मधल्या बाकावर बराच वेळ बसलो होतो. दाराचं कुलूप ही हल्ली मलाच लावायला सांगते. चहा हातात न देता टेबलावर ठेवून हाक मारते. गेल्या चार महिन्यांत तिने सुईत दोरा ओवला नाही. शर्टाचं बटण तुटलं तर 'आता शिका तुम्हीही' म्हणाली, आणि मी ते स्त्रीपुरुष-समतेच्या खात्यावर टाकून मोकळा झालो. दुसऱ्याच्या मजकुरातली वेलांटी मला दहा हातांवरून दिसायची ताई, आणि घरातली ही एवढी मोठी गोष्ट मी वाचलीच नव्हती.

मी काय केलं असेल? भ्याड माणूस करतो तेच. घरी येऊन, ही भाजी आणायला गेलेली असताना, यंत्राच्या सेटिंगमध्ये खोल शिरलो. तिथे एक पट्टी सापडली. ती सरकवली की दांडी बारीकशी हलली तर यंत्र तिकडे काणाडोळा करतं, मुद्दाम हलवली तरच ऐकतं. (अशी पट्टी माणसांनाही असती तर अर्धे संसार सुखाचे झाले असते.) ही आल्यावर सांगितलं की आत धूळ साचली होती, त्याने साफ करून दिली. ही खेळायला बसली. वाटाड्या पूल ओलांडून गेला. तिने कंट्रोलर हातात फिरवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे खेळत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पहिल्या भागाची डिस्क काढून डबीत ठेवली आणि म्हणाली, आता नववा लावा. आम्ही पहिल्याच भागात निम्म्यावर होतो! मी व्याख्यान सुरू केलं. शेवटचं प्रकरण आधी वाचणाऱ्या माणसाविषयी माझी मतं तुला माहीत आहेत. ती सगळी, उदाहरणांसकट, मांडली. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. माझं संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या क्रमाने गेलो तर नववा यायला दीड वर्ष लागेल. तोवर माझे हात थांबतील का, ते सांगा आधी." आणि जरा वेळाने, "धूळबिळ काही नव्हती. अठ्ठावीस वर्षं लिव्हर धरलीय मी. ढिली केलेली मला कळत नाही होय?"

मी उठून नववा भाग लावला, आणि लावता लावता पाठमोराच म्हणालो, की डॉक्टरकडे जाऊ या. ती म्हणाली, जाऊ. चार महिने ज्या गोष्टीला ती बगल देत होती तिला इतक्या सहज तयार झाली, की मी डिस्क उलटी बसवली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी हिला कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं काढायला लावलं, खुर्चीतून उठायला, चालायला, बोटं आपटायला लावली. मग सांगितलं की कंपवात आहे, सुरुवात आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पुढे किती आणि कधी ते कुणालाच सांगता येत नाही. दिवसभर काय करता असं विचारल्यावर ही म्हणाली, डोंगर ओलांडते. सगळा प्रकार ऐकून बाई म्हणाल्या, सोडू नका, हातांना काम हवंच. (निघताना मी दांडी उलटी असावी की सुलटी असा त्यांचा अभिप्राय विचारला. हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं, असं त्या म्हणाल्या. हिने मला दंडाला धरून बाहेर काढलं.) परत येताना रिक्षात ही म्हणाली, आता निदान नाव तरी कळलं त्याचं.

गोळ्यांना गुण येतोय, पण सावकाश. उजवा हात जास्त हट्टी आहे, म्हणून आम्ही तोड काढली. एकच कंट्रोलर दोघांच्या मध्ये. डावी दांडी हिच्याकडे, उजवी माझ्याकडे. म्हणजे चालते ती आणि बघतो मी. त्यासाठी कोचावर खांद्याला खांदा लावून बसावं लागतं, जे आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर फारसं केलं नव्हतं. मी नजर फिरवायला उशीर केला की ही कोपर मारते. ती न बघताच धावत सुटली की मी कळवळतो. असा नववा भाग आम्ही सव्वीस दिवसांत पुरा केला. आधीचे भाग न पाहिल्यामुळे कोण कुणाचं काय लागतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण शेवट कळला. म्हातारा झालेला वाटाड्या शेवटच्या खिंडीत कंदील बरोबरच्या बाईच्या हातात देतो, आणि तिच्या मागून चालत डोंगर उतरतो. ही बाई कोण, याचा आम्हाला पत्ता नाही. तरी मी नाक शिंकरायला आत जाऊन आलो. बाहेर आलो तर हिने पहिली डिस्क डबीतून काढून ठेवलेली. म्हणाली, "पोचतो ना तो, ते बघून झालं. आता पहिल्यापासून जाऊ, सावकाश, तुमच्या क्रमाने."

सध्या आम्ही दुसऱ्या भागात आहोत. मधली एक खाण काही केल्या सापडत नाही. चुकते ती की मी, यावर मतभेद आहेत.

भाच्याला आशीर्वाद. तुझ्या पोपटाला नव्हे, शेजारणीच्या पोपटाला, माझा आवाज शिकव.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या महिन्यात तू येणार आहेस, म्हणून हे एवढं पुराण लावलं. सांगायचं होतं ते इतकंच: चहाच्या वेळी हिच्या हाताकडे बघत राहू नकोस, आणि कप घ्यायला झटकन पुढे होऊ नकोस. सांडलं तर ती पुसते. बाहेर निघताना बटणं लावायला वेळ लागतो, तेवढ्यात माझ्या लहानपणच्या फजितीच्या गोष्टी काढत जा, तुझ्याकडे साठा मोठा आहे. आणि डोळ्यांत पाणी आणू नकोस. ते खातं घरात एकाने सांभाळलं आहे.

ता. क. २. वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, तेव्हा मी ते वाचणार हे ह्यांना कळायला हवं होतं. अक्षर वाकडं आहे, पण लागेल तुम्हाला. हाताकडे खुशाल बघा. सांडलं तर फडकं ओट्यावर असतं, तुम्हीच पुसा, मला हल्ली कंटाळा येतो. माझं मागणं वेगळंच आहे. दुसऱ्या भागात मतभेद वगैरे काही नाहीत, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलंय. डॉक्टरांकडे गेलो त्या दिवसापासून हे माझ्याशी एकदाही भांडलेले नाहीत. परवा मी मुद्दाम वाटाड्याला कड्यावरून ढकललं, तर म्हणाले, असू दे, होतं असं. इतका शहाणा माणूस मला घरात सोसवत नाही. तुम्ही याल तेव्हा ह्यांच्याशी कडकडून भांडा, कशावरूनही चालेल. मी बोलेन ह्यांच्याच बाजूने. तेवढं मनाला लावून घेऊ नका.