पांढऱ्या गुलाबाचा पासपोर्ट फोटो

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार (जमिनीवर पडून केलेला समजावा, का ते पुढे कळेलच).

गुडघा कसा आहे? लेकीच्या घरचा जिना चढू नका, आणि दादाच्या आधाराने तर मुळीच चढू नका. फोन केला की दादाच उचलतो, म्हणून हे पत्र.

तुमच्या गुलाबाला फूल आलं! चांगलं वाटीएवढं, पांढरंशुभ्र. तीन वर्षं दादा "उपटून टाक तो खराटा" म्हणत होता आणि फूल आलंच तर जन्मभर सकाळचा चहा मी करीन, अशी पैज मारून बसला होता. फूल आलं की पुराव्यासाठी फोटो धाडा, असं तुम्ही जाताना सांगितलं होतंत. जन्मभर पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला हे काम म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं. (वाटायला काय जातंय?)

दुकानातून सवड मिळाली ती भर दुपारी. म्हटलं, उन्हाळ्याचा फुकटचा उजेड आहे, सोडा कशाला! गच्चीची फरशी तव्यासारखी तापलेली आणि चपला मी खालीच विसरलेलो, त्यामुळे सगळा वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर. आमच्या धंद्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मागे पांढरा पडदा, चेहरा समोर, दोन्ही कान दिसले पाहिजेत. तुमच्या धाकट्या जावेला पांढरी चादर धरून कुंडीमागे उभं केलं. सवयीने फुलाला "मान जरा वर, हलू नका" असंही सांगून झालं (शेजारच्या शिंपीणबाई कपडे वाळत घालायच्या थांबल्या). पांढरं ऊन, पांढरी चादर, पांढरं फूल! फोटोत नुसता देठ, चार पानं आणि चादरीवरून डोकावणारा तुमच्या जावेचा संतापलेला चेहरा. तो मात्र फार रेखीव आलाय. ती म्हणाली, "चादर फुलावर धरून सावली करा की!" पण बायकोचं लगेच ऐकलं तर आपल्या घराण्याचं नाव कसं राहणार? मी म्हटलं, गिऱ्हाइकाने दुकानात यावं.

सोबतचा फोटो दुकानातला. निळ्या पडद्यावर फूल काय खुललंय! दादाच्या नाकासमोर धरा आणि जिंका.

तुमचा आज्ञाधारक
दीर

ता. क. कुंडी जड होती. दुकानात फूल एकटंच आलं. आता दादा म्हणणार, विकत आणलंय, आणि झाडाकडे बघावं तर पुन्हा खराटाच. वहिनी, खरंच फार वाईट वाटलं, दुपारी जेवलोसुद्धा नाही (रात्री जेवलो). अजून दोन कळ्या आहेत. त्या उमलेपर्यंत दादाला तिकडेच अडकवून ठेवा, एवढीच विनंती.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करताना दादाचाच फोन आला, अगदी दबक्या आवाजात. "फोटो कसाही असू दे रे, पण लवकर धाड. आठवडाभर लेकीकडून चहा शिकतोय. तुझ्या वहिनीला बोलू नकोस." मी बोललेलो नाही, फक्त लिहिलंय. तेव्हा पहिला कप कसाही झाला, तरी संपवा.