कुलूप दोनदा ओढून पाहणारी बाई

मी, सरस्वती गहिनीनाथ भोंडवे, वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पाटोदा, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो अठरा वर्षांचा जुना आहे, त्यामुळे रागाच्या भरात लिहिले असे कोणी म्हणू नये.

१. मी अविवाहित आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ रामेश्वर, व्यवसायाने कादंबरीकार, राहणार बीड, हयात आहे. माझे घर, जमीन व बँकेतील ठेव यांपैकी त्याला काहीही मिळू नये. कारण लिहिणे कायद्याने बंधनकारक नाही, तरी लिहिते.

आमची आई विमलबाई हिने वीस वर्षे नगरकडच्या कारखान्यांना ऊस तोडला आणि आम्हा दोघांना शिकवले. म्हातारपणी तिची स्मृती गेली. रोज सकाळी ती गाठोडे बांधायची आणि म्हणायची, "टोळी निघाली, सरू. मुकादम थांबायचा न्हाई." एकदा ती बीड रस्त्यावर भर वाहनांत सापडली. ट्रॅक्टरवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्या दिवसापासून शाळेत जाताना मी दाराला बाहेरून कुलूप लावू लागले. लावल्यावर ते दोनदा ओढून पाहत असे, कारण एकदा ते नीट बसले नव्हते. दुपारच्या सुट्टीत पळत येऊन तिला भरवत असे. बाकीचा वेळ शेजारच्या छबुबाई खिडकीशी बसून तिच्याशी बोलत.

रामेश्वर वर्षातून दोन दिवस यायचा. अशाच एका सकाळी तो आला आणि मी कुलूप ओढताना त्याने पाहिले. 

आई २००४ साली गेली. रविवार होता, तिचे डोके माझ्या मांडीवर होते. २००७ साली त्याची कादंबरी आली. तिच्यात एक शिक्षिका आईला घरात कोंडते, कुलूप दोनदा ओढून पाहते, किल्ली पदराला बांधते आणि आतून हाका येत असताना शाळेच्या वाटेला लागते. आई बंद दारामागे मरते. आईचे तसे मरण त्याने रचले, पण लोकांना ते खरे वाटले, कारण कुलूप खरे होते.

मी बीडला जाऊन त्याला विचारले. तो म्हणाला, "ताई, मी तुला कुठं वाईट म्हणलंय? एक शब्द दाखव." मी पेन्सिल घेऊन दोनदा पुस्तक वाचले होते. खरोखरच एक शब्द नव्हता. तो म्हणाला, "लेखकानं माणसाचा स्वभाव सांगायचा नसतो. माणूस काय करतो तेवढं दाखवायचं. बाकी वाचणारा ठरवतो."

मी म्हणाले, "मग मी दुपारी पळत यायचे, ते का न्हाई दाखवलंस?"

"त्यानं पात्र सैल पडलं असतं, ताई."

हे त्याचे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे.

वाचणाऱ्यांनी काय ठरवले ते मी भोगले. बाजारात बाया कोपराने ढोसून एकमेकींना मला दाखवत. शाळेत मी फळ्याकडे वळले की मागे मुली हवेतले कुलूप ओढून दाखवत. माझी नोकरीची शेवटची पाच वर्षे अशी गेली.

२. माझे दोन खोल्यांचे घर छबुबाई यांना द्यावे. त्या चार भिंतींत काय झाले ते पाहणारी आता ती एकटीच उरली आहे. पुस्तक आले तेव्हा ती म्हणाली होती, "मला वाचता येत न्हाई, पर मी हितंच बसले व्हते." तिला आजवर कोणी काही विचारलेले नाही.

३. तीस गुंठे जमीन व बँकेतील ठेव माझी भाची रोहिणी हिला द्यावी. ती रामेश्वरची मुलगी असून महाविद्यालयात मराठी शिकवते. कादंबरी तिच्या अभ्यासक्रमात आहे. गेल्या वर्षी ती माझ्याकडे प्रश्नपत्रिका घेऊन आली. प्रश्न होता, कुलुपाच्या प्रसंगातून नायिकेचा स्वभाव लेखकाने कसा उलगडला आहे? ती म्हणाली, "आत्या, पोरं 'निष्ठुर' लिहितात. मी सात वर्षं त्याला गुण देतेय. खरं काय झालं व्हतं?" तिने विचारले, एवढ्यासाठी जमीन तिची. पुढे तिने काय शिकवावे, याची अट मी घालत नाही.

४. ते कुलूप रामेश्वरच्या सत्कार समितीने प्रदर्शनात ठेवायला मागितले होते. देऊ नये. ते चालू स्थितीत आहे, घराला वापरावे.

५. आईचा ऊस तोडायचा कोयता रामेश्वरला द्यावा. तो कोयता त्याच्या कादंबरीत नाही. आई रोज कुठे निघायची, हे त्याने कधी विचारलेच नव्हते.

६. यंदाच्या भाऊबीजेला तो अचानक आला. केस पांढरे झाले होते. मला वाटले, माफी मागेल. मी पाट मांडला, ओवाळायला घेतले. तो टक लावून पाहत होता. मग समाधानाने म्हणाला, "ताई, निरांजन धरताना तू करंगळी दुमडून घेतीस. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं." मला कळले की माझा भाऊ आलेला नाही. मी ताम्हण खाली ठेवले आणि त्याला चहा न देता वाटेला लावले.

७. माझ्या अंत्यविधीला रामेश्वर आल्यास त्याला अडवू नये. मात्र त्याला पुढचा खांदा द्यायला लावावे आणि स्मशानापर्यंत बदलू नये. बाजूला उभे राहून बघायला त्याला सवड देऊ नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, पुढील दोघांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

(सही) सरस्वती गहिनीनाथ भोंडवे

साक्षीदार:
१. (सही) शिवकन्या भागवत सानप, परिचारिका, पाटोदा
२. (सही) धुळाजी लखन काळे, शिंपी, पाटोदा

ठिकाण: पाटोदा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५