दार उघडत नाही, पैसे परत

१६ एप्रिल

आमचा गेम 'शेजार' आज बाजारात. दोन वर्षं, मी आणि राजरत्न, आमच्या खोलीतला पोटमाळा, एक पंखा — आणि संध्याकाळपर्यंत तीन दुकानांत मिळून खप सोळा. त्यातले दोन आम्हीच घेतले, बटण चालतं का बघायला.

आई म्हणाली, "दुकान खंय तुमचा?" म्हटलं, इंटरनेटवर. "मग भाडा नाय ना?" मोठं दुकान शंभरातले तीस कापून घेतं हे तिला सांगितलं नाही. लालबागच्या बाईला असलं भाडं ऐकवलं तर ती दुकानदाराला शोधत निघेल.

१८ एप्रिल

तिन्ही दुकानांची तुलना. कोणी विचारलेली नाही, तरी करते.

मोठं दुकान म्हणजे दिवाळीआधीचं दादर मार्केट. लोक येतात, हात लावतात, 'यादीत ठेवतो' म्हणतात आणि पुढे सरकतात. यादीत ठेवणारे चार हजार, घेणारे नव्वद. मुलगी पसंत आहे, कळवतो — त्यातला प्रकार. दुसरं दुकान दर आठवड्याला एक गेम फुकट वाटतं. प्रसादाच्या रांगेतल्या माणसाला शेजारी बसून पेढे विकायचे, तशी आमची तिथे गत. खप सहा.

तिसरं एवढंसं. किंमत किमान, वर वाटेल ते द्या. गर्दी नाही, जाहिरात नाही. खप एकतीस, आणि अर्ध्या लोकांनी आपणहून जास्त दिले. वेडे असतात एकेक.

२० एप्रिल

मोठ्या दुकानातून नव्वदातले चौतीस परत. दोन तासांच्या आत परत केला की सगळे पैसे मिळतात. साडीवाला एवढं सोसत नाही.

२१ एप्रिल

परत करण्याचं कारण सगळ्यांचं एकच. 'शेजारणीचं दार उघडत नाही. गेम बिघडलेला आहे. पैसे परत.'

बिघडलेला नाही हो! गेम एवढाच आहे: तुम्ही चाळीत नवे भाडेकरू. शेजारची बाई डबा भरून खीर आणून देते. खाल्लीत, डबा परत केलात. रिकामा दिलात की दुसऱ्या दिवसापासून तिचं दार बंद. आत गूळ, शेंगदाणे, काहीही घालून दिलात की उघडं. फक्त हे गेममध्ये कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे सगळं जग तासभर दारावर टकटक करतंय आणि आम्हाला शिव्या घालतंय.

रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे यांना घरी कोणी शिकवलंच नाही? आमच्याकडून शेजारच्या चंपाकाकूंची वाटी जाते ती निदान साखर घेऊन जाते. आईचा नियम. छोट्या दुकानावर तुर्कस्तानातल्या इझमीरच्या एका बाईने लिहिलंय, 'माझ्या आजीकडेही असंच.' जगात दोनच घरं सुसंस्कृत. तिच्या आजीचं आणि माझ्या आईचं.

डब्याची कल्पना राजरत्नची. शाळेपासून आमच्याकडे येतो-जातो, आमच्याच घरातून उचलली असणार. नाव मात्र त्याचं लागलं.

२४ एप्रिल

राजरत्नला म्हटलं, डब्यावर एक पिवळा बाण दाखवू. 'यात काहीतरी घाला.' दहा मिनिटांचं काम, आणि परत करणं थांबेल.

"नको. ती बाई सांगणार नाही."

"ती बाई म्हणजे तू काढलेलं चित्र आहे, राजा."

"माझी आई सांगेल का कधी? तोंडाने?"

रखमाकाकू मधे कुठून आल्या? मी म्हटलं, पण एका डब्यासाठी दार कोण बंद करतं? तर म्हणाला, "खऱ्यात कोणीच करत नाही. म्हणून म्हटलं, गेममध्ये तरी करूया."

कलावंत. वाक्य पोस्टरवर छापू. पोस्टरही परत येईल.

२७ एप्रिल

मोठ्या दुकानात आमच्या नावापुढे आता 'संमिश्र' लिहून येतं. आणखी थोडे वाईट शेरे, की आम्ही मागच्या गल्लीत आणि दोन वर्षं पाण्यात. छोट्या दुकानातून एकही परत नाही. तिथले लोक दार बंद बघून निघून जातात, विचार करतात आणि दुसऱ्या दिवशी डब्यात काहीतरी घालून येतात. तोच गेम, तेच दार. मी म्हटलं, फरक गिऱ्हाइकात. राजरत्न म्हणाला, फरक घाईत. त्याला कुठे घाई? बँकेचा हप्ता माझ्या नावावर आहे.

२९ एप्रिल

"बाण घातलास तर माझं नाव काढ." एवढं बोलून पोटमाळ्यावरून उतरला आणि गेला. लॅपटॉपची वायर माझी घेऊन गेला, हे त्याच्या लक्षातही नाही.

आधी राग आला. मग रडू आलं. सहावीपासूनचा मित्र, तो चारशे रुपयांच्या वस्तूवरून जायचा?

बाण तयार आहे. रविवारी टाकते.

१ मे, बुद्धपौर्णिमा

खीर आली. दरवर्षी राजरत्न आणतो, आज रखमाकाकू स्वतः नायगावहून आल्या. "भांडलात काय गं दोघं? तो जेवत नाय धड." बसा म्हटलं तर उभ्या उभ्याच गेल्या.

मी दोन वाट्या खाल्ल्या. आईने घेतली नाही. तिला गोड नको असतं. चंपाकाकूंचा शिरा मात्र परवा दोनदा घेतला.

२ मे

आईने रखमाकाकूंचा डबा धुऊन माझ्यापुढे ठेवला. "जाशील तेव्हा दी." म्हटलं, आत काय घालू?

"तसोच दी."

"तसाच?"

"तेंका तसोच देतो आपण. पयल्यापासून."

का, विचारलं. ती चंपाकाकूंच्या वाटीत साखर घालत होती. वर वेलची ठेवली. "तुका नाय कळायचा," म्हणाली.

कळलं. लाज वाटली, तिची आणि माझी. हे रखमाकाकूंच्या घरचं म्हणून खायचं नाही, आणि भरून द्यायचं तर त्याहून नाही. राजरत्न दरवर्षी हा डबा आमच्याकडून दप्तरात घालून न्यायचा. वाटभर आत झाकण वाजायचं आणि आम्ही दोघं हसायचो. मी तरी हसायचे.

'आमच्याच घरातून उचलली असणार' असं मी वर लिहिलंय. बरोबर लिहिलंय.

३ मे

बाण काढून टाकला. नारळाच्या वड्या केल्या, आईला न विचारता. खालून थोड्या करपल्या. नायगावला गेले. दार उघडंच होतं. रखमाकाकूंनी डबा घेतला, सवयीने सरळ मोरीकडे निघाल्या. मग थांबल्या, झाकण काढलं, आत बघत राहिल्या. आणि गॅलरीकडे वळून हाक मारली, "राजा, इकडे ये रे. बघ, भरून आलाय."