एकत्र की विभक्त

गाझियाबाद, नोव्हेंबर १९९७

प्रिय महेश,

फोनवर मी अण्णांचा विषय काढला की तू ‘वहिनी, मीटिंग आहे’ म्हणतोस, म्हणून लिहितेय. पुरतं वाचल्याशिवाय बाजूला ठेवू नकोस.

गेल्या वर्षी हिंडन नदीकाठच्या स्मशानात तू धावत पोचलास, तेव्हा अण्णांची चिता पेटली होती. तुझ्या गळ्यात ऑफिसचा टाय तसाच. आणि तुझ्या दादांनी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘उशीर केलात तुम्ही.’ सख्ख्या भावाला ‘तुम्ही’! तू वळलास तो थेट गुडगावला गेलास. तेव्हापासून इथे तुझं नाव निघालं की हे ताट सरकवतात.

परवा जेवताना आमच्या प्रज्ञाने तोंड उघडलं. मानसशास्त्र शिकतेय ना, तिला वाटतं, समोर बसून बोललं की गाठ सुटते. म्हणाली, ‘बाबा, तुमचा गुस्सा काकावर नाहीच. आजोबा हॉस्पिटलमध्ये सारखं त्याच्याबद्दल विचारत होते आणि तुम्ही त्याला कळवलं नाहीत. हा राग तुमचा स्वतःवरचा आहे.’ ह्यांनी वाटी भिंतीवर भिरकावली आणि बाहेर निघून गेले. आमच्या उभ्या संसारात असं कधी झालं नव्हतं. प्रज्ञा रडत म्हणाली, ‘आई, मी खरंच बोलले ना?’ खरंच बोलली रे. ‘नवी नोकरी आहे त्याची, उद्या कळवू’ म्हणत राहिले हे, आणि अण्णा गेले. पण पोरीने भरल्या ताटावर सांगितलेलं खरं बापाने गिळायचं कसं?

काल गुरुजी वर्षश्राद्धाचं ठरवायला आले. सहज विचारलं, ‘भाऊ एकत्र की विभक्त? विभक्त असाल तर ज्याचं त्याने वेगळं करायचं.’ मी स्वयंपाकघराच्या दारात, प्रज्ञाने माझा हात घट्ट धरलेला. गुरुजींनी पुन्हा विचारलं. तेव्हा हे म्हणाले, ‘एकत्र.’ लगेच उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ आतच राहिले.

ते तुझी माफी मागणार नाहीत, त्यांना ते जमतच नाही. तूही मागू नकोस, जाब विचारू नकोस. दशमीला सकाळी गुरुजी येतील. घरच्या माणसाला बोलावणं नसतं, म्हणून करत नाही. मी पाट दोन मांडणार आहे. तू आला नाहीस, तर तुझे दादा गुरुजींसमोर खोटे ठरतील, आणि तो शब्द ते पुन्हा कधी उच्चारतील असं मला वाटत नाही.

तुझीच,
सुमित्रावहिनी